येताना कंपासपेटी आण

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिला टायटॅनिकचं वेड लागलं. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या आमच्या श्रूजबरी गावच्या लायब्ररीतली त्या बोटीवरची सगळी पुस्तकं एकामागून एक आमच्या घरी येऊन गेली, काही दोनदा आली. जेवताना वरणभात कालवता कालवता ती आम्हाला सांगायची की लाइफबोटी किती कमी पडल्या, चार धुराड्यांपैकी चौथं बरंचसं दिखाऊ होतं, आणि बोट बुडत असताना वादक वाजवत राहिले होते. तिच्या वर्गात असे आणखी चार-पाच जण होते. मधल्या सुट्टीत ते मैदानावरच्या घसरगुंडीला बोट समजायचे आणि ओळीनं बुडायचे. शंभर वर्षं होत आली तरी इथली मुलं एका बुडालेल्या बोटीचा खेळ खेळतात, याचं मला तेव्हा हसू यायचं.

हसू यायचं तसा थोडा घोरही लागायचा. माझा नवरा त्या काळात कन्सल्टिंगच्या नोकरीत होता. दर सोमवारी सकाळी विमानानं जायचा, गुरुवारी संध्याकाळी परत यायचा. दोन हजार एकच्या सप्टेंबरमध्ये मुलगी सहा वर्षांची होती, आणि टीव्हीवर दिसू नये ते तिला दिसून गेलं होतं. तेव्हापासून दर रविवारी तिचा एकच प्रश्न असायचा, "बाबाचं प्लेन नक्की पोचेल ना?" म्हणून मी घरात नियमच करून टाकला होता. तिच्या कानावर पडणारी प्रत्येक गोष्ट शेवटी गोड झाली पाहिजे. टायटॅनिकचा विषय निघाला तरी मी तिला वाचलेल्या माणसांकडे वळवायची. नियम माझा होता, आणि स्वतःच्या नियमांच्या बाबतीत मी भलतीच हट्टी होते.

दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये माझे वडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. चौतीस वर्षं ते अलिबागच्या कोर्टात टायपिस्ट होते. साक्षीदार बोलणार, न्यायाधीश सांगणार, अप्पा टाइप करणार. सांगितलं त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, हा त्यांचा धर्म, आणि तो त्यांनी घरातही चालवला. लहानपणी शेजारच्या काकूंचा निरोप मी माझ्या शब्दांत सांगितला की ते मला आल्या पावली परत पाठवायचे. "त्या काय म्हणाल्या ते सांग, तुला काय वाटलं ते नको." मला या काटेकोरपणाचा मनस्वी राग यायचा. साध्या 'संध्याकाळी डबा परत करा' या निरोपात असं काय बिघडणार होतं, हे मला कळत नसे.

इंग्रजी त्यांना लिहिता-वाचता उत्तम यायचं. पण नातीचं भरधाव अमेरिकन इंग्रजी त्यांच्या कानाला लागत नव्हतं, आणि तिचं मराठी स्वयंपाकघराबाहेर जात नव्हतं. त्यामुळे आजोबा आणि नात यांच्या मधे घरी असेन तेवढा वेळ दुभाषा म्हणून मी.

आमच्या घरच्या दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. एक म्हणजे आम्ही मुंबईला कधी लाँचनं गेलो नाही. आळीतली सगळी माणसं लाँचनं तासाभरात मुंबईला उतरायची, आणि आम्ही एसटीनं पनवेलला वळसा घालून, ओकाऱ्या काढत, अर्ध्या दिवसानं पोचायचो. दुसरी म्हणजे गटारी. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी अख्ख्या आळीला मटणाचा वास यायचा, आणि आमच्या ताटात वरणभात. मी शाळेत असताना याला कंजूषपणा म्हणायची, कॉलेजात गेल्यावर सोवळेपणा म्हणायला लागले.

कारण ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या भागात रामदास बोट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. स्वातंत्र्याला महिना उरला होता. मुंबईत नोकरी करणारी माणसं गटारीसाठी गावी निघाली होती. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली रामदास रेवसला पोचायच्या आधीच खवळलेल्या समुद्रात उलटली आणि शेकडो माणसं गेली. त्यांत अप्पांचा मोठा भाऊ होता, एकोणीस वर्षांचा. "तुझा काका बोटीत गेला," एवढं एक वाक्य आमच्या घरात होतं. त्याच्या मागेपुढे काही नव्हतं, फोटोसुद्धा नव्हता. मी कधी विचारलं नाही. लहान मुलं असलं काही विचारत नाहीत असं म्हणून स्वतःला सोडवता येईल, पण मी चाळिशीला आल्यावरही विचारलं नव्हतं.

मे महिन्यात मुलीचा वाढदिवस असतो. तासाभराच्या अंतरावरच्या एका म्युझियममध्ये टायटॅनिकच्या वस्तूंचं प्रदर्शन आलं होतं, समुद्राच्या तळातून वर काढलेल्या. मी चौघांची तिकिटं काढली. तिकिटं काढताना मला रामदास आठवलीच नाही, हे सांगायला लाज वाटते. टायटॅनिक माझ्या डोक्यात मुलांच्या खात्यात जमा होती, डायनासोरच्या शेजारी.

दारात जुन्या काळचा पोशाख केलेल्या एका बाईनं प्रत्येकाच्या हातात एकेक बोर्डिंग पास दिला. त्यावर त्या बोटीवरच्या खऱ्या प्रवाशाचं नाव, वर्ग, तो कुठे आणि कशासाठी निघाला होता, हे सगळं छापलेलं. आत फिरायचं ते तो माणूस होऊन. शेवटच्या दालनात भिंतीवर यादी असते, तिथे आपण वाचलो की बुडालो ते शोधायचं. मुलीला पहिल्या वर्गातली एक श्रीमंत बाई मिळाली, मला दुसऱ्या वर्गातली शिक्षिका, नवऱ्याला कुणी व्यापारी. अप्पांना तिसऱ्या वर्गातला एक तरुण मिळाला होता. आधी जाऊन स्थिरावलेल्या भावाकडे निघालेला. अप्पांनी पास दोनदा वाचला आणि शर्टाच्या खिशात नीट ठेवला.

आत कपबश्या होत्या, चष्मे होते, कुणाचा तरी चामड्याचा बूट होता. मुलगी प्रत्येक काचेपाशी आम्हाला व्याख्यान देत होती. एका दालनात खऱ्या बर्फाची भिंत केली होती. त्या रात्रीचं पाणी किती गार होतं ते कळावं म्हणून तिच्यावर हात ठेवायचा. मुलांची झुंबड उडाली होती, कोण जास्त वेळ हात ठेवतं याची पैज लागली होती. अप्पांनी हात ठेवला, काढला, आणि रुमालाला पुसला.

"असं होय," ते म्हणाले. "आमच्याकडचं पाणी कोमट होतं. जुलैतलं."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी त्यांचा दंड धरला. "अप्पा, आपण बाहेर जाऊन बसू या का? कॉफी घेऊ." ते म्हणाले, "कशाला? यादी राहिलीय ना."

यादीपाशी मुलीनं आम्हा सगळ्यांची नावं पटापट शोधली. तिची बाई वाचली होती. माझी शिक्षिकाही वाचली होती. अप्पांचा तरुण गेला होता. "सॉरी, आजोबा, यू डाइड," ती म्हणाली आणि त्यांच्या हातात हात दिला. अप्पा हसले. मग त्यांनी चष्मा लावला आणि यादी वाचायला सुरुवात केली. वरपासून, ओळीनं, पहिला वर्ग, दुसरा, तिसरा, खलाशी. मागची माणसं त्यांना वळसा घालून जात होती. नवरा आणि मुलगी दुकानाकडे गेले, जिथे त्या बोटीच्या की-चेन आणि बर्फाचे साचे विकायला ठेवले होते. मी अप्पांच्या मागे घड्याळ बघत उभी होते, कारण दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता.

"सगळ्यांची लिहिलीत," शेवटी ते म्हणाले. "भट्टीत कोळसा टाकणाऱ्यांची पण." गाडीत बसल्यावर ते एवढंच पुढे बोलले की रामदासवर किती माणसं होती, हेसुद्धा कुणाला नक्की सांगता आलं नाही.

मुलीला शाळेतून एक प्रोजेक्ट मिळाला होता. घरातल्या मोठ्या माणसाला विचारून त्याच्या आयुष्यातली एक खरी गोष्ट लिहून आणायची. घरी येऊन तिनं वही काढली आणि जेवणाच्या टेबलाशी अप्पांच्या समोर बसली. "आजोबा, वेअर यू एव्हर ऑन अ शिप?" मी पोळ्या लाटत होते, पाठ त्यांच्याकडे. नवरा वर बॅग भरत होता, उद्या सोमवार.

मी भाषांतर केलं. अप्पांनी खुर्ची पुढे ओढली.

"सांगतो," ते म्हणाले. "तिला म्हणावं, लिहून घे."

आणि त्यांनी कोर्टात साक्ष देतात तशी सुरुवात केली. एक छोटं वाक्य, मग थांबायचं, मी ते इंग्रजीत सांगेपर्यंत. मग पुढचं.

"त्या वेळी माझं वय अकरा होतं."

"आमचं गाव रेवसच्या जवळ. माझा थोरला भाऊ मुंबईत छापखान्यात कामाला होता."

"आईला लिहिता येत नव्हतं. वाडीतली सगळ्यांची पत्रं मीच लिहायचो."

इथवर मी इमानदारीनं शब्दाला शब्द दिला. मुलीची पेन्सिल चालल्याचा आवाज येत होता. मग अप्पा न थांबता बोलले, त्या दिवशी पहिल्यांदाच.

"गटारीच्या आठवडाभर आधी आईनं कार्ड लिहायला सांगितलं. ती म्हणाली, लिही की समुद्र बरा नाही, आत्ता येऊ नको, श्रावणात सवडीनं ये. मी तसं लिहिलं नाही. मी लिहिलं, आईनं गटारीला बोलावलंय, नक्की ये. आणि खाली लिहिलं, येताना कंपासपेटी आण. वर्गात दोघांकडेच होती. कार्ड वाचून दाखव म्हणाली, तेव्हा मी तिनं सांगितलं होतं तसं वाचून दाखवलं."

माझं लाटणं थांबलं. सत्तावन्न वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन वावरला होता. आईला, म्हणजे माझ्या आईला, हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही. मी वळून त्यांच्याकडे बघायला हवं होतं. मी वळले नाही.

"व्हॉट डिड ही से?" मुलीनं विचारलं.

मी सांगितलं की आजोबांच्या आईनं त्यांना पत्र लिहायला सांगितलं, सणाला घरी ये म्हणून, आणि आजोबांनी खाली हळूच लिहिलं की माझ्यासाठी जॉमेट्री बॉक्स आण. मुलगी खुदकन हसली आणि लिहू लागली. अप्पांना यातलं किती कळलं ते मला सांगता येणार नाही. वाक्य फार लहान झालंय, हे तर त्यांना नक्कीच कळलं असणार.

ते पुढे निघाले. बोट सुटली, वारा होता, मोठी लाट आली, माणसं एका बाजूला धावली, बोट कलंडली. हे मी सांगितलं, जरा मवाळ करून. मग ते म्हणाले, "कोळ्यांच्या होड्या मासळी घेऊन मुंबईकडे निघाल्या होत्या. त्यांनी होडीतली मासळी समुद्रात ओतली आणि हाताला लागतील तेवढी माणसं वर घेतली."

हे मी मन लावून सांगितलं. मला हवी होती ती वाट मला सापडली होती. मुलीनं पेन्सिल खाली ठेवली. तिचा आवाज रविवारच्या प्रश्नासारखा बारीक झाला होता.

"मॉम, वॉज हिज ब्रदर वन ऑफ देम?"

हा प्रश्न मी अप्पांना विचारायला हवा होता. दुभाषाचं काम तेवढंच असतं. पण वर नवऱ्याच्या बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला, आणि खरं सांगायचं तर मी दमलेही होते, रात्री पोरीला कुशीत घेऊन समजूत काढत बसायची माझी तयारी नव्हती. मी तव्यावरची पोळी उतरवली आणि म्हणाले, "येस."

मुलगी टाळ्या पिटत उठली. अप्पांच्या अगदी जवळ जाऊन, त्यांना कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत तिनं विचारलं, "आजोबा, डिड ही ब्रिंग युवर जॉमेट्री बॉक्स?"

आता मी वळले. अप्पा तिच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. कोर्टात त्यांनी असं किती जणांकडे पाहिलं असेल, जे शपथेवर भलतंच बोलून गेले. मग त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"येस," ते इंग्रजीत म्हणाले. "ही ब्रॉट."

जेवण नेहमीसारखं झालं. अप्पांनी भाजीला नाव ठेवलं नाही, एक पोळी कमी खाल्ली. मी ठरवलं की उद्या ऑफिसातून आले की त्यांच्याशी बोलायचं. उद्या रिलीज लांबला. परवा त्यांच्याबरोबर फिरायला आमच्या गल्लीतले काका आले. त्यानंतर विषय काढायचा तर कुठून काढायचा, हेच कळेना. माझं पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. चूक जितकी उशिरा दुरुस्त कराल तितकी महागात पडते, हे मी नव्या पोरांना शिकवायची.

जूनमध्ये प्रोजेक्ट पूर्ण झाला. निळ्या कार्डबोर्डवर मुलीनं बोट काढली होती, होड्या काढल्या होत्या, पाण्यात मासेच मासे. शेवटी एक मुलगा आणि मोठा भाऊ, मधे पिवळी पेटी. शाळेत न्यायच्या आधी तिनं तो सगळा मजकूर अप्पांपुढे उभं राहून हळूहळू वाचून दाखवला. तिनं वाचलेलं आणि समोर लिहिलेलं, अप्पांना आता सगळंच कळत होतं. तिनं विचारलं, "इज इट करेक्ट?"

अप्पा माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

ती व्हॉट व्हॉट करत माझ्यामागे लागली. मी म्हटलं, ही सेज इट्स परफेक्ट.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांना बॉस्टनच्या विमानतळावर सोडायला मी एकटीच गेले होते. चेक-इनच्या रांगेत उभं असताना मी म्हणाले, "अप्पा, त्या दिवशी मी जे सांगितलं..." ते म्हणाले, "पोरीसाठी केलंस. मला कळतं." मग म्हणाले, "बॅग पुढे घे, लाइन सरकली." मी बॅग पुढे घेतली. मला तेव्हा हलकं वाटलं, हे मी कबूल करते. त्यांनी मला माफ केलं आणि विषय मिटला, असं समजून मी पार्किंगचं तिकीट शोधायला लागले. त्या दिवशी टेबलाशी बसून त्यांना काय हवं होतं, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये इथल्याच, श्रूजबरीतल्या एक काकू पुण्याहून परत आल्या. त्यांच्या हाती अप्पांनी एक पुडकं पाठवलं होतं. चकल्या, मेतकूट, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पत्र्याची कंपासपेटी. पिवळी, कडेला रंग उडालेला. आत कर्कटक, गुण्या, कोनमापक, सगळं जागच्या जागी. सोबत टाइप केलेली चिठ्ठी, नातीच्या नावानं, इंग्रजीत. हीच ती पेटी, जी माझ्या भावानं आणली. आता तू सांभाळ.

मुलगी ती पेटी घेऊन घरभर नाचली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

मग फोन कार्ड घेऊन अप्पांना फोन लावला. त्या कार्डावर मधूनमधून एक बाई किती मिनिटं उरली ते सांगायची.

"अप्पा, ही पेटी कुठून आणलीत?"

"ती फोनवर दर खेपेला विचारायची, पेटी अजून आहे का म्हणून. आहे म्हणालो होतो. मग दाखवायला नको?" ते म्हणाले. "अलिबागला नाही मिळाली. हल्ली प्लॅस्टिकच्या असतात. पनवेलला पण नाही. मग मुंबईला गेलो. भाऊ राहायचा तिथे गिरगावात एक जुना स्टेशनरीवाला आहे, त्याच्या माळ्यावर होती एक."

"मुंबईला गेलात? एवढा एसटीचा प्रवास करून?"

"जाताना एसटीनं गेलो. येताना लाँचनं आलो. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला. पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो."

मला आज जे कळतं ते तेव्हा एका क्षणात कळायला हवं होतं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, जन्मात पहिल्यांदा त्या पाण्यावरून आला होता. जी पेटी त्यानं मागितली आणि कधीच मिळाली नाही, ती त्यानं स्वतः विकत घेऊन त्याच वाटेनं घरी आणली होती, कारण मी एक शब्द खोटा बोलले होते आणि तो खरा करायचं काम त्याच्यावर पडलं होतं. तेव्हाही मला बोलता आलं असतं. अप्पा, तुम्ही अकरा वर्षांचे होतात. अप्पा, वादळ तुम्ही आणलं नव्हतं. दोन वाक्यं होती, आणि कार्डावर नऊ मिनिटं शिल्लक होती.

मी काय म्हणाले? मी म्हणाले, "या वयात एकट्यानं लाँचनं कसले येता तुम्ही? पाय घसरला असता म्हणजे? आम्ही इतक्या लांब, इथून काय करणार होतो?" मी चांगली दोन मिनिटं त्यांना झापलं. घाबरले की मी रागावते, ही माझी जुनी खोड.

"बरं," अप्पा म्हणाले. "पुन्हा नाही जाणार." आणि हवेबद्दल विचारलं. श्रूजबरीत बर्फ वितळला का म्हणून.

दोन हजार सातच्या फेब्रुवारीत ते गेले. सकाळी चहा पिऊन पेपर वाचताना, खुर्चीतच. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांच्या कपाटात कोर्टाच्या जुन्या कार्बन कागदांखाली तो बोर्डिंग पास सापडला, तिसऱ्या वर्गाचा. छापलेल्या नावाच्या खाली त्यांनी शाईनं आपल्या भावाचं नाव लिहिलं होतं, वय एकोणीस, छापखान्यात नोकरी, घरी निघालेला. तो पास मी बरोबर घेऊन आले आणि मुलीच्या टेबलाच्या खणात ठेवून दिला.

त्या वर्षी जुलैत मुलगी बारा वर्षांची होती. टायटॅनिक कधीच मागे पडली होती. शाळा सुरू व्हायच्या आधी तिनं टेबलाचे खण आवरायला काढले, त्यात ती कंपासपेटी आणि तो पास दोन्ही तिच्यासमोर आले. पासवर शाईनं लिहिलेलं तिनं आधी पाहिलं नव्हतं. मराठी अक्षरं तिला लावून लावून वाचता येत होती. तिनं ते नाव वाचलं आणि विचारलं, "हा तर आजोबांचा ब्रदर ना? मग हा पास ज्याला मिळाला तो तर डाइड. ही रोट हिज नेम देअर. व्हाय?"

मी तिच्या पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं. कार्ड, आईचा निरोप, कंपासपेटी, तो न आलेला भाऊ. माझं 'येस'. गिरगावचा स्टेशनरीवाला आणि लाँच. या वेळी काही मवाळ केलं नाही. मला वाटलं ती चिडेल, प्रोजेक्टमध्ये खोटं लिहायला लावलंस म्हणेल, आणि तिनं तसं म्हणावं असंही मला वाटत होतं.

ती पेटीवरच्या उडालेल्या रंगावरून बोट फिरवत राहिली.

"ही वॉज इलेव्हन?"

"हो. तुझ्यापेक्षा एका वर्षानं लहान."

"मग त्यांना कोणी सांगितलं," ती सावकाश, मराठीतच म्हणाली, "की इट वॉजन्ट हिज फॉल्ट?"

"कोणीच नाही," मी म्हणाले. "ते त्या दिवशी तुला सांगायला बसले होते."

"आय वुड हॅव टोल्ड हिम," ती म्हणाली. "मी लगेच सांगितलं असतं."